चौसष्टावी काडी

“बाई, जरा उठता का? तुमच्या खुर्चीखाली आमची वायर आहे.”

घड्याळवाल्या कंपनीचा माणूस हेल्मीला हे तिसऱ्यांदा सांगत होता. हेल्मी उठली नाही. बसल्या बसल्या तिने खुर्चीचे पुढचे दोन पाय वर उचलले, त्याने वायर ओढून घेतली, आणि तिने पाय होते तिथेच टेकवले.

“अजून एक जण रस्त्यावर आहे,” ती म्हणाली.

“आमचं काम एकपर्यंतचं होतं. दीड वाजून गेला.”

“तुम्ही जा की. मी कुठे अडवतेय?”

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी मासिकाची संपादक, म्हणजे इथली कर्तीधर्ती असा त्याचा समज. मी खांदे उडवले. बेचाळीस वर्षांत हेल्मी कांगासला खुर्चीवरून कोणी उठवू शकलेलं नाही, आणि मी तर तिच्याहून चार वर्षांनी लहान.

त्यांची गाडी गेली. मागे राहिलो मी, हेल्मी, रस्त्यावर पांढऱ्या पिठाने आखलेली रेषा आणि दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून केलेली गल्ली. दोरीच्या टोकाशी गस लाहती उभा होता. त्र्याहत्तर वर्षांचा, अजून काठीसारखा ताठ आणि आज कधी नव्हे तो गप्प. त्याच्या गप्प असण्याला कारण होतं, ते सांगते.

आमचं मासिक ‘मड सीझन’. बर्फ वितळून रस्त्यांचा राडा होतो, त्या दिवसांत आमच्या टॅमरॅक गावची दहा मैलांची शर्यत असते, म्हणून हे नाव. रूडी हालोनेन शाळेत धावण्याचे कोच होते. शहात्तर साली त्यांनी शाळेच्याच चक्रमुद्रण यंत्रावर सहा पानं काढली, स्टेपल मारली आणि वाण्याच्या दुकानात ठेवली. शाई जांभळी, वास असा की डोकं उठायचं. पण लोकांनी पानं पळवली. कारण रूडींनी एक गोष्ट केली जी मोठ्या शहरांतली मासिकं करत नव्हती. त्यांनी सगळ्यांची नावं छापली. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, प्रत्येकाचं नाव आणि वेळ. खाणीत राबणारा असो की शाळेतली स्वयंपाकीण, रेषा ओलांडली की नाव छापलं जाणार. लोक ते पान कापून फ्रिजवर लावायचे. आमच्या शेजारणीच्या फ्रिजवर एकोणऐंशी सालचं पान अजून आहे, फ्रिज तीनदा बदलला तरी.

आणि ती सगळी नावं टाइप करायची हेल्मी. शाळेच्या ऑफिसात कारकून होती. स्वतः आयुष्यात शंभर पावलं धावली नसेल. रूडींनी विचारलं, “दोन तास काढशील का?” आणि तिने बेचाळीस वर्षं काढली. मध्ये लग्न झालं, दोन मुली झाल्या, नवरा गेला. मे महिन्यातला तो शनिवार मात्र तिने कधी चुकवला नाही.

तेव्हा वेळ टिपणारे रेषेवरचे पट्टे, बुटातल्या चिपा असलं काही नव्हतं. रेषा ओलांडली की दोरीच्या गल्लीत उभा असलेला माणूस हातात आइस्क्रीमची लाकडी काडी द्यायचा, तिच्यावर तुमचा क्रमांक. शेजारी एकजण घड्याळ बघून क्रमांकापुढे वेळ लिहायचा. तुम्ही काडीवर पेन्सिलीने नाव लिहायचं आणि हेल्मीच्या टेबलावरच्या कॉफीच्या डब्यात टाकायची. शेवटी हेल्मी काड्या मोजायची. जितके सुटले तितक्या काड्या भरल्या की म्हणायची, “जुळलं.” तिने जुळलं म्हटल्याशिवाय दोरी सुटायची नाही, कॉफीची किटली उचलली जायची नाही. खुद्द रूडी तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

त्र्याऐंशी साली हेल्मी जुळलं म्हणाली आणि ते जुळलेलं नव्हतं.

त्या दिवशी ऐन शर्यतीत बर्फ पडायला लागला. चौसष्ट लोक सुटले होते. गस पहिला आला, काडी घेतली, डब्यात टाकली. मग या महाशयांचं बायकोवरचं प्रेम उतू गेलं. तिच्या सोबतीला उलटा पळत गेला, तिला हात धरून आणलं, आणि तिच्या मागोमाग स्वतःही पुन्हा गल्लीतून आला. काडी देणाऱ्याने डोळ्यांवरचा बर्फ पुसत त्यालाही एक काडी दिली. चौसष्टावी. गसने सवयीने नाव लिहिलं आणि टाकली डब्यात. हेल्मीने मोजलं, चौसष्ट सुटले, चौसष्ट काड्या. जुळलं. सगळे कुडकुडत घरी गेले.

वीस मिनिटांनी ओरिन पेंगेली आला. बंदरावर मालाच्या बोटी भरणारा माणूस, पहिल्यांदाच धावत होता. समोर कोणी नाही. दोरी नाही, टेबल नाही. बर्फाखाली अर्धी गेलेली पिठाची रेषा फक्त.

सोमवारी टाइप करताना हेल्मीला गस दोनदा सापडला. ती तशीच रूडींकडे धावली. रूडी भला माणूस, पण नियमाला पक्का. “वेळ नाही, तर नाव नाही. आपल्या घड्याळाने बघितलं नाही त्याला, पोरी.” अंक निघाला. त्रेसष्ट नावं.

मग हेल्मी वेलदोडे घातलेला गोड पाव भाजून ओरिनकडे माफी मागायला गेली. दारातच तिला रडू कोसळलं. ओरिन म्हणाला, “अगं, रेषा होती ना? मी ओलांडली. झालं तर.” पुढच्या वर्षी त्याची कंबर बिघडली आणि तो परत धावला नाही. मासिक मात्र दर वर्षी न चुकता विकत घेत राहिला. हेल्मीला त्याचंच जास्त लागायचं. त्यानंतर तिने जुळलं हा शब्द टाकला. मोजायची, मान हलवायची, बस.

आता हा आमचा शेवटचा अंक. लोक रेषा ओलांडून पाणी प्यायच्या आधी फोनवर आपला क्रमांक बघतात, त्यांना जूनमध्ये छापून आलेलं नाव कशाला हवं? रूडी गेले, मी साठीची झाले, आणि आमचा छापखानावाला वॉल्टर यंत्र विकून मुलीकडे राहायला निघालाय. त्याचंही हे शेवटचं काम. आज तीनला पानं मिळाली तर छापणार, कारण उद्या सकाळी यंत्र न्यायला माणसं येणार होती.

जानेवारीत हा शेवटचा अंक ठरला तेव्हा हेल्मीने मला त्र्याऐंशीचं हे सगळं पुन्हा ऐकवलं, आणि थेट ओरिनकडे गेली. मीही गेले, गंमत बघायला.

“ओरिन, या वर्षी उतरता का शर्यतीत?”

शहात्तर वर्षांचा माणूस, एक गुडघा धातूचा. त्याने चहाचा कप खाली ठेवला. “तीन मैलांची पण असते ना हल्ली?”

“असते.”

“ती नको. माझी दहाची राहिलीय.”

तेव्हापासून तो रोज शाळेच्या जिममध्ये फेऱ्या मारत होता. मुलं बास्केटबॉल खेळत, हा कडेने चाललेला. मुलांनी त्याला बोट असं नाव ठेवलं, मालाची बोट. वळायला वेळ लागतो म्हणून. त्याला ते फार आवडलं. टोपीवर शिवून घेतलं.

आणि आज तो सकाळी आठला टोपी घालून सुटला होता. सव्वादोन झाले तरी पत्ता नव्हता.

माझा फोन वाजला. वॉल्टर.

“व्हर्ना, पानं?”

“एक नाव यायचंय.”

“एका नावासाठी मी यंत्र तापवत बसू?”

“इतकी वर्षं आणखी कशासाठी बसलास?”

तो पुटपुटला आणि फोन ठेवला. तीनला पाऊण तास उरला होता. मी हेल्मीला म्हटलं, “अगं, समजा नाही आला वेळेत. इंटरनेटवर टाकू की त्याचं नाव. लगेच.”

हेल्मीने माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेत उशिरा आलेली पोर झाले. “त्याच्या फ्रिजवर काय लावेल तो?” ती म्हणाली.

“मी बघून येतो,” गस म्हणाला.

“तू हलायचं नाहीस तिथून,” हेल्मी म्हणाली. “मागच्या वेळी बघायला गेलास तेच पुरे झालं.”

गस पस्तीस वर्षं हे ऐकतोय. तो दोरी धरून उभा राहिला.

अडीच. दोन पस्तीस. मग सरोवराच्या बाजूच्या वळणावर टोपी दिसली. टोपीखाली ओरिन, आणि त्याच्या मागे, काय सांगू, निम्मं गाव. केव्हाच शर्यत संपवून आंघोळी करून आलेले लोक परत जाऊन त्याच्यामागे चालत होते. जिममधली पोरं होती. कोणी पास्टी, म्हणजे खिम्याची मोठी करंजी, खात होतं, कोणाच्या कडेवर बाळ होतं. आणि सगळे त्याच्या चालीने, म्हणजे गोगलगायीच्या चालीने. ओरिन मध्येच थांबून कोणाला तरी काही सांगत होता. मला मेलीला इकडे धडधडतंय आणि या माणसाच्या गप्पा चालल्यात.

“पेंगेली,” मी ओरडले, “पाय उचला. छापखाना थांबलाय.”

“थांबू दे,” तो तिकडून म्हणाला. “मी पण थांबलो होतो.”

गर्दी गल्लीच्या तोंडाशी आपोआप थांबली. कोणी सांगितलं नाही. गसने दोरी ताणून धरली. ओरिन एकटा आत आला आणि रेषेच्या एक पाऊल अलीकडे उभा राहिला. टेबलाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

“आहेस ना, पोरी?”

“आहे,” हेल्मी म्हणाली.

तो रेषेवरून पलीकडे आला. हेल्मीने गळ्यातलं जुनं घड्याळ दाबलं. सहा तास, एक्केचाळीस मिनिटं, नऊ सेकंद. तिने त्याच्या हातात काडी दिली, दोनशे अठरावी, आणि पेन्सिल पुढे केली. काड्यांचा पुडा आणि डबा ती खास आजसाठी घरून घेऊन आली होती. ओरिनने सावकाश नाव लिहिलं आणि काडी डब्यात टाकली. टक् आवाज झाला. लोकांनी असा काही गलका केला की सरोवरावरचे पक्षी उडाले.

हेल्मी टाइप करायला लागली. कॉम्प्युटर असला तरी ती टाइपरायटर असल्यासारखी बडवते. दोन सेहेचाळीस.

“आणि ही पण घे,” ओरिन म्हणाला.

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून दुसरी एक काडी काढली. जुनी, काळपट पडलेली, क्रमांक नसलेली. तिच्यावर सुतारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ओरिन पेंगेली, आणि खाली, एक तास, अठ्ठावन्न मिनिटं, चाळीस सेकंद.

“त्या दिवशी बर्फात पडली होती एक कोरी,” तो म्हणाला. “मनगटावर घड्याळ होतं माझ्या. गाडीत बसून लिहिली सगळी रीतीप्रमाणे. टाकायला डबा नव्हता, म्हणून खिशात टाकली.”

हेल्मीची बोटं थांबली. “मी आले होते तुमच्याकडे. तेव्हा का नाही दिलीत?”

“अंक निघून गेला होता. आणि तू एवढी रडत होतीस, हातात तो पाव. त्यात मी ही काडी काढली असती तर तू अजून रडली असतीस.”

हेल्मी आता रडलीच. मी पण रडले, लपवत नाही. गसने तर दोरी धरलेल्या हाताच्या बाहीनेच डोळे पुसले. मग माझं लक्ष घड्याळाकडे गेलं, दोन पन्नास, आणि माझ्यातली संपादक जागी झाली.

“दुरुस्ती छापू,” मी म्हटलं. “चूक झाली तर दुरुस्ती छापणं हे मासिकाचं कामच आहे.”

“आपल्या घड्याळाची वेळ नाही ती,” हेल्मी डोळे पुसत म्हणाली. “रूडींनी ऐकलं नसतं.”

“रूडींना मी वर गेल्यावर भेटेन. लिही.”

“जागा कुठाय पानावर?”

जागा नव्हतीच. शेवटच्या पानावर माझा निरोपाचा लेख होता. त्यातला शेवटचा परिच्छेद मी तीन आठवडे घासला होता. सरोवर, काळ, पाऊलखुणा, सगळं होतं त्यात. वाचून माझी मलाच दाद द्यावीशी वाटली होती. मी तो एका बटणात उडवला. तिथे हेल्मीने टाइप केलं:

‘दुरुस्ती. १९८३च्या निकालात चौसष्टाव्या क्रमांकाचं नाव आमच्या चुकीने राहिलं. ओरिन पेंगेली, १:५८:४०, धावपटूच्या घड्याळाप्रमाणे. उशिराबद्दल क्षमस्व.’

तीनला दोन मिनिटं असताना पानं गेली. वॉल्टरचा फोन आला. “हे दुरुस्तीचं वाचलं,” तो म्हणाला. मागे कागदाचे गठ्ठे सरकवल्याचा आवाज आला. “जाड कागदावर काढतो,” म्हणाला.

ओरिन बाकावर बसून पास्टी खात होता. “म्हणजे पस्तीस वर्षांत पावणेपाच तासांनी मंदावलो,” तो गसला म्हणाला. “तू किती?”

“मला काही विचारू नको,” गस म्हणाला.

सगळे निघायच्या बेतात होते. दोरी मात्र कोणी सोडत नव्हतं. हेल्मीने टेबलाखालून दुसरा डबा काढला, गंजलेला. त्र्याऐंशीचा. आतल्या काड्या टेबलावर पसरल्या, गसची दुसरी काडी शोधून काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

“ही तुझी. ने घरी.”

मग ओरिनची काडी तिने हाताने सारखी केली, बाकीच्यांत मिसळली आणि मोजायला बसली. एकेक करून, बोटाने सरकवत. लहान मुलंसुद्धा टेबलाभोवती गोळा झाली. शेवटची काडी सरकवून तिने सगळ्या गोळा केल्या, त्यांना रबरबँड लावला आणि वर बघितलं.

“जुळलं,” हेल्मी म्हणाली.

गसने दोरी सोडली.