बाळाच्या गोधडीचा लाल दोरा

मित्रांनो, मी एक जुना सुती दोरा आहे. रंगाने लाल. पुठ्ठ्याच्या रिळावर आता माझे थोडेच वेढे उरले आहेत. गास गावातल्या एका घरात, पत्र्याच्या डब्यात, सुया आणि बटणांच्या सोबतीने मी पडून असतो. बाकीचा मी कुठे गेलो, ते तुम्हांला सांगायचे आहे.

कापसाचे बोंड, गिरणीतली चाती, रंगाची कढई हे सारे मीही पाहिले. जवळच्या तुळिंजमधल्या एका दुकानात आलो तेव्हा मी अगदी नवाकोरा होतो. पण तिथले गिऱ्हाईक मागायचे तो मशीनचा चकचकीत, न तुटणारा दोरा. मला काउंटरखालच्या खणात टाकले गेले. वर धूळ साचत गेली. आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही, असे मला वाटू लागले होते.

एका दुपारी नर्मदाबाई आणि त्यांची सून नेत्रा दुकानात आल्या. नेत्राला सातवा महिना होता. पहिलेच बाळ.

“बाळाच्या गोधडीसाठी दोरा दाखवा,” नर्मदाबाई म्हणाल्या.

दुकानदाराने चकचकीत रीळ पुढे केले. “हा घ्या ना मावशी, एकदम स्ट्राँग. कितीपण ओढा, तुटणार नाही.”

“म्हणूनच नको. जुनं लुगडं मऊ असतं. दोरा असा कडक असला की कापडच चिरत जातं. सुती नाही का?”

तेव्हा खण उघडला आणि मी उजेडात आलो. नर्मदाबाईंनी माझा हातभर तुकडा तोडला आणि त्याच्या टोकाला काडी लावली. मी भरभर जळलो, बोटांत चुरल्यावर राख झालो.

“सुती आहे,” त्या सुनेला म्हणाल्या. “दुसरा असता तर वितळून गोळी झाली असती. तसला दोरा बाळाला टोचतो.”

मग मला पाण्यात बुडवून त्यांनी पांढऱ्या रुमालावर घासले. रुमाल पांढराच राहिला. शेवटी जोरात हिसडा दिला. इतकी वर्षे पडून होतो, पण टिकलो.

“लालच घेऊया ना, आई,” नेत्रा म्हणाली. “टाके दिसतील.”

“टाके दिसले तर चुकाही दिसतील.”

“दिसू देत. मोठी झाली की तिला दाखवीन, ही माझी ओळ आणि ही आजीची.”

ती पोटातल्या बाळाला ‘ती’च म्हणायची.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. नर्मदाबाईंनी आपले लुगडे वर-खाली घातले आणि मध्ये नवऱ्याचे, हिरामणदादांचे, धोतर पसरले. सकाळी वाडीतल्या केळींना पाणी देऊन हिरामणदादा ओटीवर टेकत आणि दोघींचे शिवणे बघत. नेत्राचे टाके लांब पडायचे. नर्मदाबाई ते उसवायला लावायच्या. “लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं गं.” नेत्रा कुरकुर न करता पुन्हा घालायची. घालताना पोटातल्या बाळाशी हळू आवाजात बोलायची. तिने त्याला नावही ठेवले होते, आर्या. ते मी ऐकले, कारण मी तिच्या मांडीवर होतो. दुसऱ्या कुणाला तिने ते सांगितले नव्हते.

एकच कड शिवायची राहिली होती.

त्या दिवशी सकाळी नेत्रा उठली. पोटावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, “आई, ती हलत नाहीये.” नर्मदाबाईंनी हात लावून पाहिला. त्यांनी लगेच मुलाला, मयूरला, हाक मारली. मयूरने रिक्षा आणली आणि सगळे दवाखान्यात गेले. घर रिकामे झाले.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई आणि हिरामणदादा दोघेच परत आले. नर्मदाबाईंनी चप्पलही काढली नाही. त्यांनी गोधडी घेतली, सुईत मला ओवले आणि राहिलेली कड शिवायला बसल्या.

“आता कशाला शिवतेस?” हिरामणदादांनी विचारले.

“तिला अर्धवट कशी देऊ?”

 सुई पुन्हा पुन्हा नर्मदाबाईंच्या बोटात गेली. कड पूर्ण झाल्यावर त्यांनी मला दातांनी तोडले आणि गोधडी उराशी धरून बाहेर पडल्या. त्या गोधडीत गुंडाळून बाळाला मातीत ठेवले, हे मला पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळले. माझा मोठा भाग तिच्याजवळ आहे. तो आता कुजला असेल. सुती दोरा मातीत कुजतोच.

नेत्रा घरी आली ती रिकाम्या हातांनी. शेजारच्या लिडियाकाकी भेटायला आल्या. “तरुण आहेस, दुसरं होईल,” असे म्हणून लगेच केळीच्या भावाविषयी बोलू लागल्या. मयूरने झबली-टोपडी कुणालातरी देऊन टाकली. माझा डबा माळ्यावर गेला. घरात बाळाचा विषयच निघेनासा झाला. नेत्रा जेवायची, कामे करायची आणि मध्येच हातातले काम थांबवून भिंतीकडे बघत राहायची. सगळे म्हणायचे, सावरतेय हळूहळू.

बऱ्याच महिन्यांनी मयूरच्या शर्टाचे बटण तुटले. सुईसाठी नेत्राने माळ्यावरून डबा काढला आणि झाकण उघडताच तिला मी दिसलो. ती तिथेच खाली बसली.

“ठेव ते, नेत्रा,” नर्मदाबाई म्हणाल्या. “मी लावते बटण.”

“आई, तुम्ही तिला पाहिलंत. मी नाही पाहिलं. कशी होती?”

दवाखान्यात नेत्रा गुंगीत असताना बाळ तिला दाखवू नका, असे नर्मदाबाईंनीच सांगितले होते. 

“केस पुष्कळ होते,” नर्मदाबाई म्हणाल्या. “ओले, कानांवर आलेले. हनुवटी मयूरची. एक मूठ घट्ट मिटलेली होती, ती मी तशीच राहू दिली.” मग त्या नेत्राजवळ खाली बसल्या. “तुला दाखवायला हवी होती. मला वाटलं, तुला सोसणार नाही.”

“न बघताही कुठे सोसतंय? कुठलंही बाळ दिसलं की त्याचा चेहरा तिला लावून बघते.” मग नेत्रा म्हणाली, “तिचं नाव आर्या होतं.”

“आर्या,” नर्मदाबाई म्हणाल्या. त्या घरात ते नाव मोठ्याने पहिल्यांदाच घेतले गेले.

तेव्हापासून नेत्रा अधूनमधून तोच प्रश्न विचारते आणि नर्मदाबाई तेच सांगतात. आधी केस, मग हनुवटी, मग मूठ. मयूर सुरुवातीला उठून वाडीत निघून जायचा. आता तो दाराशी बसून ऐकतो. दुःख कमी झालेले नाही. नेत्रा आजही काम करता करता थांबते.

मित्रांनो, माझ्यासारखा सुती दोरा कोरड्या जागी ठेवा, दमट हवेत तो लवकर सडतो. एवढे सांगून मला थांबता आले असते. पण ज्या घरातले मूल गेले आहे, तिथे तुम्हीही कधीतरी जाल. तिथे केळीच्या भावाविषयी बोलू नका. त्या आईला विचारा, कशी होती तुमची मुलगी? आणि तिचे सांगून होईपर्यंत उठू नका.