माझा शुक्रवार

मित्रांनो, मी नारपोलीतल्या एका कारखान्यातला जुना यंत्रमाग आहे. माझे दात झिजलेत, नट सैल झालेत, बोलतानाही दम लागतो. तरी एका वाराची गोष्ट सांगतो.

दाऊदशेठनी मला बसवले तेव्हापासून शुक्रवारी बटण बंद. शेठ जुम्म्याच्या नमाजाला जात. माझा कारागीर बाळाराम घरी राही, कारण त्याची बायको कमळा संतोषी मातेचा शुक्रवार धरी. घरात आंबट वर्ज्य, गूळ-चण्यांचा नैवेद्य. शनिवारी प्रसादाची पुडी कारखान्यात येई. "कमळाचे चणे आले काय रे?" म्हणत शेठ आधी चणे तोंडात टाकत, मग बटण दाबत. बाळारामच्या मनालीने तर शाळेत 'सुट्टीचा वार: शुक्रवार' असे लिहिले आणि बाईंनी चूक दिली. शेठ पोट धरून हसले होते.

धर्माने जगात काय काय घडवले, ते शिकलेले लोक सांगतील. मला त्याने आठवड्याचा विसावा दिला, एवढे मला ठाऊक.

शेठ गेले. कारभार त्यांच्या मुलाकडे, मुआजकडे आला. नव्या कामगारांतले काही म्हणाले, "शुक्रवार का? रविवार पाहिजे." बाकीचे उसळले, "जुम्माच!" दोन महिने वाद चालला. शेवटी मुआज वैतागून म्हणाला, "भांडता ना? मग सुट्टीच बंद. सातही दिवस शिफ्ट!"

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याच्या, म्हणजे माझ्या, वाट्याला नुसती खटखट आली.

मनाली बाळंतपणातून सुखरूप सुटली म्हणून कमळाने सोळा शुक्रवार केले. काल शुक्रवारी उद्यापन होते. बाळारामने विनवले, "शेठ, आजचा दिवस सोडा. घरची वाट बघतायत."

"एकाला सोडलं तर सगळे मागतील, चाचा," मुआज खाली बघत म्हणाला.

बाळाराम माझ्यापाशी उभा राहिला. धागा तुटला की तो जोडी, पण काल चार वेळा गाठ सुटली. मला फार वाईट वाटले.

आज सकाळी त्याने पुडी मुआजपुढे धरली. "तुमच्या बाबांचा वाटा हाय," म्हणाला. मुआजने एक चणा तोंडात टाकला. बराच वेळ तो चावत राहिला. मग त्याने बटण दाबले आणि मी चालू झालो.

मित्रांनो, वार कोणत्याही देवाचा असू दे. त्यावरून भांडू नका. भांडलात, तर तो कोणाचाच उरत नाही.