धक्क्यावरची पंगत

आजकाल बेटावर जाणाऱ्या बोटीत कुणी कुणाला काही विचारत नाही. हेल्वेआजी खिडकीशी बसते, आणि मागे पडणारा किनाऱ्याचा धक्का दिसला की तिला हमखास आपलं लग्न आठवतं.

तेव्हा एस्टोनियाचं हे बेट म्हणजे सोव्हिएत सरकारची सरहद्द. समुद्रापलीकडे स्वीडन. बेटावर राहणाऱ्यांच्या ओळखपत्रावर शिक्का असे. इतरांना यायचं तर परवाना लागे. हेल्वेला तो शिक्का मिळाला मासळीच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे. तिथल्याच उल्डोशी तिचं जमलं. पण जिनं तिला लहानाची मोठी केली, त्या साल्मेमावशीला लग्नासाठी परवाना नाकारला. मावशीचा नवरा युद्धात होडीतून स्वीडनला पळाला होता, एवढंच कारण.

"मावशी नाही तर लग्न नाही," हेल्वे रडून मोकळी झाली.

"अगं, तिला इकडे यायला बंदी आहे," उल्डो म्हणाला. "आपल्याला तिकडे जायला कुठे आहे?"

लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं वऱ्हाड धुरावलेले मासे, काळा पाव आणि बिअरचं पिंप घेऊन बोटीत चढलं. मुख्य भूमीच्या धक्क्यावर परवाने तपासायचा लोखंडी अडसर होता. बोट लगेच परतणार होती, म्हणून वऱ्हाड अडसरापाशीच थांबलं. त्याच्या अलीकडे नवरानवरी, पलीकडे मावशी, तिच्या हातात केकचा डबा.

पहाऱ्यावरचा कोवळा रशियन शिपाई धावत आला. "इथे जमाव करायचा नाही!"

"मेल्या, जमाव कसला? माझ्या लेकीचं लग्न आहे!" मावशी कडाडली. "तुझ्या आईला सांगू, उपाशी वऱ्हाड हाकललंस म्हणून?"

त्याला तिची भाषा किती कळली कोण जाणे. त्यानं मान खाली घातली आणि तो पाठ फिरवून समुद्राकडे बघत उभा राहिला. बोट सुटेपर्यंत वळला नाही. अडसरावरून केक इकडे आला, मासे तिकडे गेले. मावशी हेल्वेचे दोन्ही हात धरून गायली, आणि दोन्हीकडची माणसं गाऊ लागली.

सोव्हिएत राजवट जाऊन परवान्याची अट उठल्यावर म्हातारी मावशी एकदाची बेटावर आली. घरभर फिरली आणि म्हणाली, "पडदे काय गं हे असले लावलेस?" त्यानंतर ती दर उन्हाळ्यात यायची, शेवटपर्यंत.

आता पाहुणे गाड्या भरभरून येतात, जेवतात, संध्याकाळच्या बोटीनं परततात. हेल्वेआजीला ते आवडतं. तरी त्या दिवशीसारखे घट्ट धरलेले हात तिला पुन्हा कुठे दिसले नाहीत. उल्डोही आता नाही. बोट बेटाला लागते. आजी पिशवी उचलते आणि सगळ्यांच्या मागून, सावकाश उतरते.