निळा हातमोजा

थोरल्या भावाने शिखर सर केल्यापासून दोघा भावांच्या पंपांच्या कारखान्यात कुणाला साधी सर्दीही सुखाने होईना. कुणी शिंकलं की हा विचारणार, "आठ हजार मीटरवर काय केलं असतंस?"

आज जेवणाच्या हॉलमधली टेबलं भिंतीला सारून त्याचं भाषण ठेवलं होतं. विषय काय, तर डोंगराने शिकवलेला धंदा! डोंगर बिचारा कुणाला काही शिकवायला बसलेला नसतो. पण मालकाला तोंड सुटलं की ऐकणाऱ्यांना पळता येत नाही.

धाकटा भाऊ मागे, उजवा हात खिशात घालून बसला होता. त्या हाताची दोन बोटं थोरल्याबरोबरच्या त्या मोहिमेतच थंडीने गेली होती. पुढच्या रांगेत त्याची लेक. पुढच्या मोहिमेत काकांबरोबर जायचं म्हणून ती पाठीवर ओझं घेऊन रोज जिने चढत होती, आणि बाप ते धास्तावून बघत होता. नको म्हणावं तर ती विचारायची, "का?" खरं सांगावं तर भावाची अब्रू चव्हाट्यावर येणार. म्हणून तो गप्प होता.

"धडा पहिला!" थोरला गरजला. "सामान सांभाळा. आमचे बंधुराजच बघा. उतरताना हातमोजा हरवला, गेली दोन बोटं! गलथान माणसाला डोंगर माफ करत नाही आणि गिऱ्हाईकही."

लोक हसले. पगार तिथूनच येतो, हसतील नाहीतर काय करतील?

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिखरावर कंपनीचा झेंडा धरून फोटो काढताना वर केलेला अंगठा नीट दिसावा म्हणून ह्याच शहाण्याने आपला लाल हातमोजा काढला होता आणि वाऱ्याने तो उडवून नेला होता. शिखर न गाठताच ठरलेल्या वेळी मागे फिरून धाकटा खाली थांबला होता. त्याच्यापाशी पोचला तेव्हा हा पठ्ठ्या ढसाढसा रडत होता. धाकट्याने आपला हातमोजा काढून त्याच्या हातात चढवला. तंबूत शिरताच थोरल्याने गयावया केली, "घरी बोलू नकोस."

"आणि हा परतीचा फोटो," थोरला म्हणाला. फोटो निवडताना त्याने स्वतःच्या थोबाडापलीकडे काही पाहिलंच नव्हतं. पडद्यावर त्याच्या डाव्या हातात लाल हातमोजा होता आणि उजव्यात निळा, मनगटाला पिवळी पट्टी शिवलेला.

लेक उठली. त्या निळ्या हातमोज्याचा जोडीदार घरी कपाटात होता. पट्टी तिच्या आईने शिवली होती.

"बाबा, हा तुमचा ना?"

धाकट्याने हात खिशातून बाहेर काढला. "हो."

"हरवला होता ना?"

"दिला होता."

थोरल्याने घाईघाईने पुढचा फोटो लावला. "हां... तर, धडा दुसरा. संघभावना!"

"काका," लेक म्हणाली, "मोहिमेतून माझं नाव काढा. हातमोजा काढून द्यायला दुसरं कुणीतरी बघा."