‘वाचून दाखवा’ आंदोलनाची तटस्थ नोंद

जयवंताबाईंना राग आला की त्या भांडी आपटत नसत, कुणावर ओरडतही नसत. चष्मा पुसत. एकतीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केलेल्या बाईचा राग तसाच असतो. आवक-जावकच्या वहीतून जातो, त्यामुळे थोडा उशिरा पोचतो, पण पोचतो.

त्या मंगळवारी त्यांनी चष्मा तीनदा पुसला. कारण मोबाईलवर होतं. कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं असा एक ऑनलाइन ज्ञानकोश असतो. त्यात तेलंगणातल्या त्यांच्या सावरधरा मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, ‘वाचून दाखवा’ आंदोलनावर लेख आला होता.

सहा वर्षांपूर्वी मंडलात जमिनीची नवी पासबुकं, म्हणजे तिकडचे सातबारे, आली, ती सगळी तेलुगूत. तेलुगू न येणाऱ्या मराठी बायांना तहसीलदार साहेबांनी अंगठे लावायला सांगितले. शाळेचं तोंड न पाहिलेली भागाबाई म्हणाली, “यात काय लिवलं हाये थे वाचून दाखवा. मंग अंगठा.”

साहेब म्हणाले, वेळ नाही.

“मले हाये,” म्हणत भागाबाई कचेरीच्या पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती तिसेक बाया बसल्या आणि एकोणीस दिवस उठल्या नाहीत. विसाव्या दिवशी साहेबांनी खुर्ची बाहेर आणली, पासबुकं मराठीतून वाचून दाखवली, आणि नऊ जणींच्या शेतावर भलत्याच माणसांची नावं निघाली.

जयवंताबाई तेव्हा खिडकीच्या आतल्या बाजूला होत्या. सरकारी नोकर, तोंड बंद. पाण्याचा माठ तेवढा त्यांनी बायांकडे सरकवला होता, तोही शिपायाच्या हातून. ते त्यांना आजही टोचत होतं.

आणि लेखात लिहिलं होतं, “या ऐतिहासिक आंदोलनाचे नेतृत्व ज्येष्ठ पत्रकार सुधाकरराव यांनी केले. महिलांनीही सहभाग घेतला.”

सुधाकररावांचं कचेरीसमोरच्या चौकात झेरॉक्सचं दुकान. ‘दैनिक पैनकाठ’ची एजन्सी त्यांचीच, मंडलाचे वार्ताहरही तेच. म्हणजे बातमी लिहायची त्यांनी, विकायची त्यांनी, आणि कुणाला जास्त आवडली तर प्रती काढून द्यायच्याही त्यांनीच. आंदोलनाच्या एकोणीस दिवसांत ते कचेरीत एकदाच आले होते, भाच्याचा दाखला न्यायला, आणि तेही बायांना लांबून वळसा घालून. आता सरपंचपदाला उभे होते. ‘ज्ञानकोशात नोंद असलेले नेतृत्व’ असं त्यांच्या पत्रकावर छापलेलं होतं.

जयवंताबाईंनी लेखात एका बोटाने भागाबाईचं नाव टाकलं. तासाभरात ते उडालं. शेरा होता, “संदर्भ नाही.” त्यांनी लिहिलं, “मी स्वतः बघितले आहे.” तेही उडालं. “स्वतःचे बघणे हा संदर्भ नव्हे. ज्ञानकोश तटस्थ असतो. भावनेला थारा नाही.” खोडणाऱ्याने आपलं नाव ‘सत्यवेध’ ठेवलं होतं, पण गावात कॉम्प्युटर एकच, सुधाकररावांच्या दुकानातला.

बाई दुकानात गेल्या.

“सुधाकरराव, भागाबाईचं नाव काऊन खोडलं?”

“मी कुठी खोडलं, बाई? नियमानं खोडलं.” सुधाकरराव झेरॉक्सच्या उजेडात हसले. “छापलेलं पायजे. तुमच्यापाशी छापलेलं काय हाये?”

“भागाबाईले कचेरीनं नोटीस देल्ती. नावानिशी. मीच टाइप केली व्हती.”

“थे सरकारी कागद. चालत नाई. पेपरात पायजे.”

“पेपरात तुमीच लिवलं, तुमचंच नाव.”

“म्हून त थे पक्कं हाये.” मग गिऱ्हाइकांकडे बघत ते जरा मोठ्याने म्हणाले, “आन् बाई, भागाबाईले वाचता येते का? ज्या बाईले आपलं नाव वाचता येत नाई, तिले थे छापून कायले पायजे?”

दोन गिऱ्हाइकं हसली. जयवंताबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. “बरोबर हाये तुमचं,” म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांच्या कचेरीतल्या कुठल्याही जुन्या माणसाने सुधाकररावांना सांगितलं असतं की बाई ‘बरोबर हाये’ म्हणाली की अर्ज मागे घ्यावा.

घरी येऊन त्यांनी ज्ञानकोशाचे नियम वाचून काढले, महसूलचं परिपत्रक वाचावं तसे, पेन्सिलीने खुणा करत. लेखाच्या चर्चापानावर एका प्रचालकाला, म्हणजे ज्ञानकोशाची देखरेख करणाऱ्याला, विचारलंही. कुठल्या गावचा कोण जाणे, पण माणूस सज्जन. त्याने लिहिलं, “विश्वासार्ह प्रकाशित संदर्भांत मतभेद असतील तर दोन्ही बाजू द्याव्यात. आपण निवाडा करू नये.”

हे वाक्य बाईंनी वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आदिलाबाद गाठलं आणि ग्रंथालयात आंदोलन झालं त्या नोव्हेंबरचा ‘पैनकाठ’चा गठ्ठा मागितला.

काय शोधायचं ते त्यांना ठाऊक होतं. सुधाकररावांच्या प्रत्येक बातमीच्या शेवटी नावांची रांग असे आणि रांगेच्या टोकाला ‘आदी उपस्थित होते’. ज्याचं नाव छापलं तो चार अंक जास्त घेतो, म्हणून ही रांग लांबत जाई. कार्यक्रमाला कोण येणार हे कार्यक्रमाआधी कळत नाही, पण बातमी आदल्या संध्याकाळी पाठवावी लागते. तेव्हा रांगही आदल्या संध्याकाळीच लागे, आणि तिच्यात सुधाकरराव स्वतःला कधी विसरत नसत.

आंदोलनाचा बारावा दिवस. पान दोन. सकाळी अकरा वाजता सावरधऱ्यात बायांना मार्गदर्शन करताना सुधाकरराव. त्याच अंकात पान पाच. सकाळी अकरा वाजता गुडीहत्नूरला कबड्डीचं मैदान उघडताना सुधाकरराव. आणि पान सहा. सकाळी अकरा वाजता आदिलाबादेत, सावरधऱ्याच्या तहसीलदारांना उत्कृष्ट सेवेबद्दल शाल-श्रीफळ देताना सुधाकरराव. म्हणजे बाया ज्या साहेबांविरुद्ध उन्हात बसल्या होत्या, त्याच साहेबांना.

त्या वेळी सुधाकरराव यातल्या कुठेच नव्हते, दुकानात झेरॉक्स काढत होते. बाईंनी हे खिडकीतून स्वतः बघितलं होतं. पण स्वतःचं बघणं हा संदर्भ नव्हे, हे त्यांना नुकतंच शिकवलं गेलं होतं.

त्यांनी लेखातलं एक अक्षरही खोडलं नाही, फक्त भर घातली. “दैनिक पैनकाठनुसार आंदोलनाच्या बाराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता सुधाकरराव आंदोलकांना मार्गदर्शन करत होते. त्याच दैनिकानुसार त्याच वेळी ते गुडीहत्नूर येथे कबड्डीच्या मैदानाचे उद्घाटन करत होते. त्याच दैनिकानुसार त्याच वेळी ते आंदोलकांचा विरोध असलेल्या तहसीलदारांचा सत्कार करत होते.” प्रत्येक वाक्याला संदर्भ. पान, स्तंभ, वार्ताहराचं नाव.

सत्यवेधाने ते खोडलं. बाईंनी परत घातलं. त्याने परत खोडलं. मग सज्जन प्रचालक आला, संदर्भ तपासले, “उत्तम संदर्भीकरण” असा शेरा मारला आणि आता कुणाला काही खोडता येऊ नये म्हणून पानाला कुलूप लावून गेला.

दोन दिवसांत विरोधी उमेदवाराने त्याच तीन ओळींचं पत्रक घरोघर वाटलं. प्रती सुधाकररावांच्याच दुकानातून काढल्या. धंदा तटस्थ असतो.

तिसऱ्या दिवशी सुधाकरराव बाईंच्या अंगणात उभे.

“ताई, माणसं मले ‘शालवाले’ म्हणून राह्यले. थे सत्काराचं काढा. मी गेलोच नव्हतो तिथी!”

“संदर्भ?”

“मी सोता सांगून राह्यलो ना!”

“सोताचं सांगणं चालत नाई. छापलेलं पायजे,” बाई म्हणाल्या आणि त्यांना पाणी दिलं. “पेपरात खुलासा द्या, मंग काढते.”

“देतो. सत्काराले नव्हतो म्हून देतो.”

“एका रांगेत तुमचं नाव खोटं, मंग दुसऱ्या रांगेत खरं कसं? पूर्ण द्या. पायरीवरई नव्हतो म्हणा.”

सुधाकररावांनी पेला खाली ठेवला. “मंग पायरीवर कोण व्हतं म्हनू?”

“थे तुमाले ठावं हाये. आन् शाळा किती शिकली थे नका लिवू. तटस्थ ऱ्हावा.”

शनिवारी ‘पैनकाठ’च्या पान तीनवर, वार्ताहर सुधाकरराव यांच्याच नावाने चौकट आली. आपण सत्काराला, मैदानाला वा आंदोलनाला कुठेही उपस्थित नव्हतो. आंदोलन भागाबाई यांनी सुरू केले व चालवले. प्रचालकाने कुलूप काढलं. बाईंनी सत्काराचं वाक्य शब्द दिल्याप्रमाणे काढलं, कबड्डीचं उदारपणे काढलं, नेतृत्वात सुधाकररावांच्या जागी भागाबाईचं नाव घातलं. शेवटी एक वाक्य जोडलं, “सुधाकरराव यांनी आपण अनुपस्थित असल्याचे स्वतः लिहून कळवले आहे.” पुढे संदर्भ.

मग मोबाईल घेऊन त्या भागाबाईकडे गेल्या आणि सगळा लेख सावकाश वाचला. भागाबाई शेंगा निवडत ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, “झालं?”

“झालं. आता जगात कुठूनई वाचता येते.”

“आन् मथुरा? विठा? थे कुसुम, सात महिन्याची पोटुशी बसली व्हती. माझं एकलीचंच काऊन लिवलं वं? लोकं म्हणतीन भागी एकलीच बसली व्हती. येडी व्हती!”

“बाकीच्यांचा संदर्भ नाई, भागाबाई.”

“मंग आन की. तो पेपरवाला मेला का?”

जयवंताबाईंनी चष्म्याकडे हात नेला, पण पुसला नाही. ग्रंथालयात आपण फक्त नोव्हेंबर चाळला, हे त्यांच्या लक्षात आलं. मतदानाला अजून नऊ दिवस होते. त्यांनी तिथूनच फोन लावला.

“सुधाकरराव, जयवंताबाई बोलून राह्यली. पायरीवरच्या आणखी अठ्ठावीस बायांची नावं छापाची हायेत. लिवून घेता, का उद्याच्या बसनं जाऊन डिसेंबरातल्या तुमच्या रांगा पाहू?”

फोनमध्ये झेरॉक्स मशीन घरघरत होतं. ते बंद झालं.

“सांगा, ताई,” सुधाकरराव म्हणाले. “हळूहळू सांगा.”