मागची सीट

आमच्या शार्दूलची गाडी इंग्लंडातलं लेस्टर सोडल्यापासून लांबत जायला लागली, आणि ऑल्डकोट गावाची पाटी दिसली तोवर मागच्या सीटवरची त्याची आई बोटाएवढी दिसत होती. बाकी गाडी ठीक होती बरं का. फक्त मधल्या सीटांच्या रांगा वाढत होत्या.

झालं असं, की काकू, म्हणजे शार्दूलची आई, सांगलीहून पाच महिन्यांसाठी आल्या आणि पाच महिने ह्याचं आपलं ऑफिस नि ऑफिस. आता दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान. म्हणून हा म्हणाला, चला, चारशे वर्षांपूर्वीचं दगडी घरांचं गाव दाखवतो, जाताना आपण शेजारी बसून पोटभर बोलू. निघताना पुढचं दार उघडून त्याने विचारलंही, "आई, पुढे बसतेस?"

"नको रे, रेवतीला बसू दे."

आणि हा गाढव बरं म्हणाला. एकदाच विचारून. अरे, आपल्यात पहिलं नको कधी खरं असतं का? साध्या पोळीला आपण तीनदा आग्रह करतो. त्याची बायको, रेवती, ती तर मागे बसायच्या तयारीतच उभी होती.

पहिल्या दहा मैलांतच काकूंचा हात पुढे पोचेना. त्यांनी धपाटे-दह्याचा डबा सीटांवरून सरकवत पाठवला, तो हातात येईतो दही आंबलं होतं. थंडी वाजतेय का, असं शार्दूलने विचारलं, तर उत्तर दोन गावं मागे पडल्यावर आलं. "नाही रे. तू पुढे बघून चालव." रेवती म्हणाली, थांबव आता. पण रस्ता एवढा अरुंद, की दोन्हीकडची झुडपं आरशांना घासत होती. थांबायला जागाच नाही.

गावात शिरल्यावर चर्चपाशी रस्ताच संपला. टेप घेऊन एक म्हातारा आला, गाडी मोजायला लागला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "हे जसंच्या तसं जपलेलं गाव आहे. इथे एकदा उभं राहिलेलं काही हलवायची परवानगी नाही."

"मागे माझी आई आहे."

"मग तीही," म्हातारा म्हणाला, आणि त्याने लिहून घेतलं.

शार्दूल उतरला आणि गाडीच्या कडेकडेने मागे पळत सुटला. रेवती पुढे बसून हॉर्न वाजवत राहिली, म्हणजे परत यायची दिशा कळेल. गाडीची पहिली दहा दारं निळ्या पत्र्याची होती, मग मधाच्या रंगाच्या दगडी भिंतींतली लागली. खिडक्यांना जाळीचे पडदे, खाली फुलांच्या कुंड्या. लोक फोटो काढत होते. एका दारावर पाटी होती, इथे माणसं राहतात, आत डोकावू नये. हा प्रत्येक खिडकीत डोकावत गेला, आणि तोंडाने सारखं, चल ना आई, बस ना पुढे, माझ्यासाठी चल. हॉर्न ऐकू येईनासा झाला तरी पळत होता.

मग एका खिडकीत काकू सापडल्या. नेहमीएवढ्याच मोठ्या, चष्मा लावून मेथी निवडत होत्या. त्याने काचेवर टकटक केलं.

काकूंनी वर बघितलं. गाव बघायला आलेल्या परक्या माणसाकडे बघून हसावं तसं त्या हसल्या, पदराला हात पुसले, आणि पडदा ओढून घेतला.