डांगराला पहिली सुरी

प्रियलने डांगर चिरलं तेव्हा ओट्यावरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. ही वेळ तिला पक्की आठवते, कारण त्या सकाळी तिला तीच पुन्हा पुन्हा विचारण्यात आली.

धुळ्यातल्या त्या घरात अख्खं डांगर, म्हणजे लाल भोपळा, बाई चिरत नाही. अख्खं डांगर म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं मानतात. पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग बाईने त्याची भाजी करावी नाहीतर भरीत. सासरे मांगीलाल म्हणत की आपल्या धर्मात हे कुठेही लिहिलेलं नाही. पण सुरी लावून तेच द्यायचे. प्रियल घरून ऑर्डरी घ्यायला लागली तेव्हापासून हे काम तिच्या नवऱ्याकडे, पारसकडे आलं होतं. "थोरल्यानेच थोरल्याला मारायचं," असं म्हणून तो हसत सुरी खुपसायचा.

त्या दिवशीची ऑर्डर देवपुरातल्या एका साखरपुड्याची होती. अख्खं भाजलेलं डांगर, आत फळं भरलेली. गिऱ्हाईकाने पाठवलेल्या कृतीत मध आणि अंजीर होतं. जैन स्वयंपाकघरात दोन्ही चालत नाही, म्हणून प्रियलने गूळ घेतला आणि सफरचंद, असोद्याहून आलेली केळी, खजूर, बेदाणे, काजू असं सारण ठरवलं. साडेदहाला डबा न्यायला माणूस येणार होता.

पारस पावणेसातला गाडी घेऊन जळगावला निघाला, आणि सुरी लावायची राहिली. मांगीलाल जैन स्थानकात सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसले होते, साडेआठच्या आत उठणार नव्हते. प्रियल आठपर्यंत थांबली. मग तिने स्वतःच देठाभोवती सुरी फिरवून झाकण काढलं, बिया उपसल्या, सारण भरलं. तेवढ्यात सासूबाई धनकुंवर दारात आल्या. त्यांनी उघडं डांगर पाहिलं आणि काही न बोलता देवघरात जाऊन बसल्या. साडेआठला डांगर ओव्हनमध्ये गेलं.

आठ चाळीसला फोन आला. पारोळ्याच्या अलीकडे ट्रकने पारसची गाडी उडवली होती. पाय चिरडला होता. त्याला धुळ्याला आणत होते.

मांगीलाल स्थानकातून परस्पर हॉस्पिटलला गेले. त्यांनी बायकांना कळवलं की त्याला तपासायला आत घेताहेत, मी फोन करेन तेव्हाच निघा. वरच्या मजल्यावरून त्यांची बहीण, चेलनाभुआ, खाली आली. ओव्हन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. स्वयंपाकघरात गूळ आणि वेलदोड्याचा वास भरत चालला होता, आणि त्या वासानेच भुआने विचारलं, आज काय शिजतंय. मग विचारलं, सुरी कुणी लावली.

"मी," प्रियल म्हणाली.

"किती वाजता?"

"आठ दहाला."

भुआ रडता रडता थांबली. तिने धनकुंवरकडे पाहिलं. धनकुंवर जपमाळ हातात धरून बसल्या होत्या, मणी मात्र पुढे सरकत नव्हता. सासू सुनेला बोल लावत नाही हे पाहून भुआनेच ते काम अंगावर घेतलं. घरात तीन पिढ्यांत कुणी असं केलं नव्हतं, तुला अर्धा तास दम निघाला नाही, आता माझ्या पोराचा पाय गेला तर तुझ्या ऑर्डरी चाटायच्या का, असं ती बरंच बोलली. प्रियलच्याही मनात तोच हिशोब चालू होता. ती असल्या गोष्टी मानत नव्हती, निदान आठ चाळीसपर्यंत तरी.

साडेनऊला जितेंद्र नावाचा माणूस पारसचा मोबाइल आणि पाकीट द्यायला आला. तो पारोळ्याचा; त्यानेच पारसला गाडीतून बाहेर काढलं होतं. त्याच्या शर्टाची बाही रक्ताने कडक झाली होती. "भाऊ बोली ऱ्हायना, बोलतोय तो, काळजी करू नका," तो म्हणाला. पारस शुद्धीवर आल्यावरच घरचा नंबर मिळाला, म्हणून फोनला उशीर झाला, असंही त्याने सांगितलं.

भुआने त्यालाही वेळ विचारली. त्याने स्वतःचा फोन काढून दाखवला. रुग्णवाहिकेला लावलेला फोन सात बावन्नचा होता. ट्रक त्याच्या दोन मिनिटं आधी.

भुआने बोटांवर मोजलं. "म्हणजे हिने चिरायच्या आधीच," ती हळूच म्हणाली आणि प्रियलच्या पाठीवर हात ठेवला. प्रियलला त्या हाताचं ओझं वाटलं, तरी श्वास मोकळा झाला. धनकुंवरच्या हातातली माळ मात्र खाली पडली.

भुआ जितेंद्रला पाणी द्यायला बाहेर गेली. पावणेदहाला ओव्हनची घंटा वाजली. प्रियलने सवयीने ट्रे बाहेर काढला. झाकण जागेवर होतं, पण सारणाचा रस एका कुशीतून गळून ट्रेमध्ये काळा पडला होता. तिला वाटलं, डांगर तडकलं. तिने ते फिरवलं. तडा वाकडातिकडा जातो. ही चीर सरळ होती, दोन बोटं रुंद. भिंतीकडच्या बाजूला होती, म्हणून सकाळी दिसली नव्हती.

"साडेसातला," मागून धनकुंवर म्हणाल्या. "तू आंघोळीला गेली होतीस. पारस विसरला, तुझा खोळंबा होणार. म्हटलं, दोष लागायचा तर मला लागू दे, तुला नको. सांगायचा धीर होईना, आले तोवर तू झाकण काढलं होतंस."

प्रियल वळली. धनकुंवर ओट्याला धरून उभ्या होत्या. सकाळपासून त्या गप्प होत्या त्या रागाने नव्हत्या, हे तिला आता कळलं. साडेसातला सुरी, आणि सात पन्नासला ट्रक.

जितेंद्रला निरोप देऊन भुआ आत आली. तिची नजर थेट चिरेवर गेली. "ही कुणाची?"

"माझी," प्रियल म्हणाली. "आंघोळीआधी सुरी लावून पाहिली होती."

"म्हणजे किती वाजता?"

"साडेसात."

भुआने प्रियलच्या पाठीवर ठेवलेला तोच हात पदरात गुंडाळला. त्याच वेळी मांगीलालांचा फोन आला. पाय वाचणार होता, दुपारी आत सळई घालणार होते, त्याआधी पारस प्रियलला बोलावत होता. भुआने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि म्हणाली, "चला भाभी, आपण दोघी जाऊ. ही घरी राहू दे."

प्रियलने मान खाली घातली. ट्रेकडे बघत उभी राहिली.

धनकुंवरने मोरीतून सुरी उचलली, धुतली, आणि भाजून मऊ पडलेल्या डांगराच्या चिरेत घातली. पातं दोन्ही कडांना टेकून बसलं.

"बाईसा, सुरी मी लावली," त्या म्हणाल्या. "मुलगाही माझाच आहे."

भुआ चप्पल हातात घेऊन दारात तशीच राहिली. धनकुंवरने सुनेचं मनगट धरलं आणि तिला पुढे घालून जिना उतरल्या. साडेदहाला डब्यासाठी माणूस आला तेव्हा ओट्यावर डांगर होतं, सुरी त्यातच होती, आणि घरात एकटी भुआ होती.